फ्रेडरिक लँचेस्टर

मोटार वेगाने चालवता येणे ही मोठी गोष्ट खरी. परंतु धावती मोटार हवी तेव्हा आणि हवी तेथे थांबवता येणे, ही त्याहूनही मोठी गोष्ट आहे. घाटाचा उतार उतरणाऱ्या सायकलस्वाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याने मूठ आवळली की रबराचे दोन ठोकळे चाकाची कड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि तो सुखरूप पायथ्याशी पोहोचतो. अशाच चिमटीची योजना मोटारीच्या चाकासाठी करून इ. स. १९०२ मध्ये तिचे पेटंट घेणारा यंत्रविशारद म्हणजे इंग्लंडमधील फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर होय.

फ्रेडरिकचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुइशॅम भागात झाला. वडील वास्तुशिल्पी होते. आठ भावंडांत फ्रेडरिक चौथा. तो लहान असतानाच हे कुटुंब होव्ह या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. शाळेत त्याने विशेष चमक दाखवली, असे कोणी म्हणणार नाही. पुढे मात्र साउदॅम्प्टन येथे आणि त्यानंतर लंडनमधील केन्सिंग्टनच्या विज्ञानशाळेत त्याच्या बुद्धीला पालवी फुटली. यंत्रकाम हाताने शिकावे म्हणून तो सायंकाळच्या वर्गांनाही जाई. एवढे करून त्याने पदवी मात्र कोणतीच घेतली नाही!

काही काळ पेटंट कचेरीत आराखडे काढल्यावर १८८९ साली त्याला बर्मिंगहॅममधील गॅस इंजिनांच्या एका कारखान्यात साहाय्यक व्यवस्थापकाची जागा मिळाली. करारपत्रात एक कलम होते. नोकरीत असताना तो जे शोध लावील, त्यांवर कारखान्याचा हक्क राहील, असा त्याचा आशय होता. वीस वर्षांच्या त्या तरुणाने ते कलम खोडून टाकले आणि मगच सही केली. त्याची ही सावधगिरी लवकरच कामास आली. इंजिनाची गती आपोआप आटोक्यात ठेवणारे एक साधन त्याने शोधून काढले आणि त्याचे पेटंट त्याच्याच नावे झाले.

त्या काळी इंग्लंडच्या रस्त्यांवर यांत्रिक गाडी चालवणे म्हणजे एक दिव्यच होते. गाडीचा वेग ताशी ४ मैलांहून, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटरांहून, अधिक नसावा आणि तिच्यापुढे एका माणसाने पायी चालावे, असा कायदाच होता. लँचेस्टरची पहिली मोटार १८९६ च्या प्रारंभी रस्त्यावर आली, तेव्हाही हा कायदा अमलात होता. तो त्याच वर्षाच्या अखेरीस शिथिल झाला. इतर कारागीर घोड्याच्या गाडीलाच इंजिन जोडून मोटार म्हणत असत. लँचेस्टरने ती वाट सोडली आणि आपली गाडी पहिल्या खिळ्यापासून मोटार म्हणूनच योजली. त्याच्या पुढील इंजिनात परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन दांडे होते. एकाचा हादरा दुसरा मारून टाकी, त्यामुळे बसणाऱ्यास धक्के फारसे जाणवत नसत. त्याच्या गाडीला १८९९ मध्ये सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने व त्याच्या भावांनी कंपनी काढली. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला कानस न लावता बसलाच पाहिजे, असा लँचेस्टरचा आग्रह असे. आज आपल्याला यात नवल वाटत नाही. त्या काळी वाटत असे. मुंबईत जन्मलेला सुप्रसिद्ध लेखक रुडयार्ड किपलिंग हा या गाडीच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक होता.

आता त्या ब्रेकची हकीकत. लँचेस्टरने गाडीच्या चाकाबरोबर फिरणारी धातूची एक पातळ तबकडी बसवली. चालकाने ब्रेक लावला की जबड्यासारखे दोन भाग त्या तबकडीची कड दोन्ही अंगांनी दाबून धरीत. कल्पना सोपी होती आणि निर्दोष होती. मग ती फसली का? जबड्यांना लावण्यासाठी लँचेस्टरजवळ योग्य अस्तरच नव्हते! त्याने तांबे वापरले. धातूवर धातू घासला की कसा आवाज निघतो, हे पाटीवर खिळा ओढून पाहणाऱ्यास ठाऊक आहे. गाडी थांबताना कर्णकर्कश किंकाळी उठे. शिवाय तेव्हाचे रस्ते मातीचे. ती धूळ उघड्या तबकडीवर बसे आणि तांबे झपाट्याने झिजे. पुढे १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड याने ॲस्बेस्टॉसचे अस्तर प्रचारात आणले. किंकाळी थांबली, पण तोवर फ्रान्समध्ये लुई रेनोने १९०२ मध्येच काढलेला ढोलाचा, म्हणजे ड्रमचा ब्रेक लोकांच्या पसंतीस उतरू लागला होता. त्यात चाकाबरोबर फिरणाऱ्या ढोलाच्या आतल्या बाजूस दोन कमानी दाबल्या जातात. तो बंदिस्त असल्याने त्यात धूळ शिरत नसे. लँचेस्टरची तबकडी मागे पडली. (ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते, हे पुढे कळले आणि अनेक देशांनी ते वर्ज्य केले, हे येथेच सांगितलेले बरे.)

लँचेस्टरचे मन मोटारीतच गुंतलेले नव्हते. पक्षी हवेत कसे तरंगतात, याचा विचार त्याने कारखान्यात असतानाच आरंभला होता. लहान लहान विमाने करून तो ती घराच्या माडीवरील खिडकीतून सोडून पाही. पंखाच्या टोकांपाशी हवेचे भोवरे निर्माण होतात आणि पंखाला मिळणाऱ्या उचलीशी त्यांचा संबंध आहे, हे त्याने ओळखले. माणूस इंजिनाच्या विमानातून उडण्यापूर्वी सहा वर्षे, १८९७ मध्ये, त्याने या विषयावरील निबंध लंडनच्या एका विद्वत्सभेकडे पाठवला. तो परत आला. त्याने तो विषय वाढवून १९०७ आणि १९०८ मध्ये दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. मायदेशात त्यांचे फारसे कोणी स्वागत केले नाही. जर्मनीत मात्र त्यांचे भाषांतर झाले आणि लँचेस्टर स्वतः गटिंगेन येथे जाऊन लुडविग प्रांट्ल या शास्त्रज्ञास भेटला.

व्यवहार हा त्याचा प्रांत नव्हे. मागणी भरपूर असूनही भांडवलाच्या तुटवड्यामुळे त्याची कंपनी १९०४ साली अडचणीत आली आणि तिची पुन्हा उभारणी करावी लागली. त्याचा स्वभाव स्पष्टवक्ता. पैसे पुरवणाऱ्यांशी त्याचे जमले नाही. काही वर्षांनी आराखड्यांचे काम धाकटा भाऊ जॉर्ज पाहू लागला आणि फ्रेडरिक इतर कंपन्यांना सल्ला देऊ लागला. उतारवयात कंपवाताने त्याचे हात थरथरू लागले, दृष्टीही मंदावली. ज्या हातांनी केसाएवढ्या मापाचे आराखडे काढले, त्या हातांची ही दशा पाहून कोणासही हळहळ वाटेल. हाती पैसा उरला नव्हता. मोटार-उत्पादकांच्या संघाने साहाय्य केले म्हणून त्याला आपल्या घरात राहता आले. १९४५ साली त्याला जेम्स वॉट पदक मिळाले. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅम येथे त्याचा अंत झाला.

त्यानंतर सातच वर्षांनी, १९५३ मध्ये, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाडीने जिंकली. तिच्या चाकांना तबकड्यांचे ब्रेक होते. वेग वाढला तसा ढोलाचा दोष उघडा पडला होता. पुनःपुन्हा ब्रेक लावल्याने ढोल तापतो, फुगतो आणि कमानींपासून दूर सरतो. उष्णतेला वाट मिळत नाही व नेमक्या वेळी ब्रेक ढिला पडतो. तबकडी उघड्या वाऱ्यावर असते, ती लवकर निवते. जो उघडेपणा १९०२ मध्ये दोष ठरला होता, तोच आता गुण ठरला. कारण रस्ते डांबरी झाले होते आणि अस्तर सुधारले होते.

आजही कित्येक लहान मोटारींत पुढच्या चाकांना तबकडी आणि मागच्यांना ढोल असतो. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून मागच्या चाकांवर काम कमी पडते आणि तेथे स्वस्त ढोल चालतो. जुन्या मोटारींचे शौकीन मात्र मागेही तबकडी हवी म्हणून खटपट करतात. नवे सुटे भाग परवडत नसतील, तर ते मोडीत निघालेल्या नव्या गाडीची तबकडी व चिमटा आणतात आणि लोखंडी पट्टी कातून त्यांवर तो बसवतात. पण मागचा ब्रेक पुढच्याहून जोराचा झाला, तर मागची चाके आधी जखडतात आणि गाडी गरकन फिरते. हातब्रेकची तार कोठे जोडावी, हाही प्रश्न उरतोच. तिच्यासाठी चिमट्याला वेगळी तरफ लागते. तेथे अडून बसलेले कित्येक जण अखेर ढोलच साफ करून पुन्हा जागेवर बसवतात.