सुगरणीचा संसार पाहणारे सलीम अली

आपल्या खानदेशात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे खोप्याचे गाणे तर भगिनींना पाठच आहे. त्या पाखराचा संसार डोळ्यांत तेल घालून पाहणारे सलीम अली यांच्याविषयी मी चार शब्द लिहिते. मी सातवी शिकलेली. शास्त्र कळत नाही, पण संसार कळतो.

त्यांचा जन्म मुंबईस १८९६ साली झाला. अगदी लहानपणीच आईबाप गेले, मामा-मामींनी वाढविले. मुलपणी बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कोणती म्हणून विचारावयास ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच झाले. १९१८ साली तेहमिनाबाईंशी विवाह झाला. पुढे मुंबईच्या म्युझियममध्ये नोकरी लागली. रजा काढून ते बर्लिनला शिकून आले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! एवढे शिकून नवरा घरी बसला, म्हणजे बाईच्या जिवाला काय होते ते आपण जाणतोच.

दोघे अलिबागजवळ किहीमला राहावयास गेली. तेथे सुगरणीची वसाहत होती. सलीम अली पावसाळाभर ती पाहत बसले. त्यांना दिसले ते असे: खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की माद्या येतात, आत शिरून पारखतात. पसंत पडला तर मादी राहते, मग नर पुढची नळी पुरी करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणावयास मोकळा, दुसरीसाठी! अंडी उबविणे तिचे एकटीचे, भरविण्याचे कष्टही बहुतेक तिचेच. म्हणून विणकर नर असला तरी बहिणाबाईंचे गाणे मला खोटे वाटत नाही. हे निरीक्षण १९३१ साली छापून आले आणि बेकार माणसाचे नाव झाले.

पुढे हैदराबाद, त्रावणकोरच्या रानांत तंबू ठोकून पक्षी पाहताना तेहमिनाबाई बरोबर असत. १९३९ साली लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही, बहिणीकडे राहिले. हिवाळ्यात आपल्या अंगणात शेपटी हलवीत फिरणारा धोबी पक्षी उन्हाळ्यात उत्तरेकडे जाऊन घरटे करतो. त्या बर्फाच्या मुलखातही, कैलास-मानसरोवरापर्यंत, ते १९४५ साली पक्षी पाहत गेले. १९४१ साली निघालेले त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक घरोघर पोचले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी नव्वदाव्या वर्षी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.