साने गुरुजींचे छात्रालय आणि मुलांचा शब्द

जून महिना उजाडला की शाळांची दारे पुन्हा उघडतात. नव्या वह्या-पुस्तकांबरोबर नियमांची यादीही मुलांच्या हाती पडते. केस किती वाढवावेत, कोणत्या दिवशी कोणता गणवेश घालावा, उशीर झाल्यास काय शिक्षा, वसतिगृहातून घरी केव्हा जाता येईल, अशी ती यादी. ती करताना मुलांना सहसा कोणी विचारलेले नसते. विचारावे का, असा प्रश्न निघाला की शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडतात. मुलांच्या हाती कारभार दिला तर शाळेची शिस्त उरणार नाही, असे एका पक्षाला वाटते. लोकशाहीचे नागरिक घडवू पाहणारी शाळा स्वतः हुकूमशाहीने चालवता येणार नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो.

याच जून महिन्याशी साने गुरुजींच्या आयुष्यातल्या दोन घटना जोडलेल्या आहेत. जून १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले आणि ११ जून १९५० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली. नोकरीतले शिक्षक ते जेमतेम सहा वर्षे होते. 'गुरुजी' मात्र आयुष्यभर राहिले. त्या सहा वर्षांत त्यांनी वसतिगृहाच्या मुलांशी जो व्यवहार केला, त्याचा या वादाशी जवळचा संबंध आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे; पण वडील सदाशिवराव यांच्या काळात वैभव ओसरले आणि घरात दारिद्र्य आले. आई यशोदाबाईंनी त्याही परिस्थितीत मुलावर जे संस्कार केले, ते पुढे 'श्यामची आई'मुळे मराठी घराघरांत पोहोचले. हे पुस्तक मातृप्रेमाचे म्हणून ओळखले जाते. पण ते घरातल्या नियमांचेही पुस्तक आहे. दापोलीला शिकणारा श्याम केस वाढवून घरी येतो आणि वडील संतापतात, असा एक प्रसंग त्यात आहे. केसांचा धर्माशी काय संबंध, असे श्याम आईला विचारतो. आई त्याला गप्प बसवत नाही; आपल्या परीने त्यामागचा विचार समजावून सांगते. तिचे उत्तर आजच्या वाचकाला पटेलच असे नाही. पण त्या घरात मुलाला प्रश्न विचारण्याची मुभा होती आणि त्याला उत्तर देणे हे मोठ्यांचे कर्तव्य मानले जात होते, एवढे त्यातून दिसते.

शिक्षणासाठी पांडुरंगाची बरीच वणवण झाली. दापोलीनंतर औंध संस्थानात, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून, कधी अर्धपोटी राहून तो शिकला. तेथे प्लेगची साथ आली आणि मुक्काम हलवावा लागला. पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून तो १९१८ मध्ये मॅट्रिक झाला. त्याआधीच्या वर्षी आई गेली होती. १९२२ मध्ये बी. ए. झाल्यावर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी साने अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये एम. ए. झाले. परक्या गावी राहणाऱ्या गरीब मुलाचे एकटेपण त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणूनच हायस्कूलच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा तिच्याकडे त्यांनी नोकरीतला एक जादा भार म्हणून पाहिले नाही.

त्या काळचा खानदेश दोन जिल्ह्यांत विभागलेला होता. अमळनेर पूर्व खानदेशात, तर नंदुरबार पश्चिम खानदेशात. तापीच्या खोऱ्यातून जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग या दोन्ही गावांना जोडत असे. प्राथमिक शाळेपुढचे शिक्षण गावात मिळत नसल्याने खेड्यापाड्यांतील मुलांना घर सोडून शहरात राहावे लागे. त्यांच्या दृष्टीने वसतिगृह हेच घर होते आणि तेथील अधीक्षक हेच सरकार. घंटा, हजेरी, दंड आणि छडी यांवर वसतिगृह चालते, हा सर्वमान्य समज होता.

साने गुरुजींनी हा समज बाजूला ठेवला. स्वभावाने ते कमालीचे लाजाळू. आरंभी मुलांनी त्यांची थट्टाही केली. खोल्या अस्ताव्यस्त पडलेल्या असत. गुरुजींनी त्यासाठी कोणाला दंड केला नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडून काढीत, विखुरलेले कपडे घडी करून ठेवीत, भांडी घाशीत. परत आलेल्या मुलांना खोली आवरलेली दिसे आणि ती कोणी आवरली हे कळे. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र रात्र बसत. फी भरू न शकणाऱ्या मुलासाठी स्वतःचा पगार खर्च करीत. हळूहळू मुलांना आपल्या आळसाची लाज वाटू लागली आणि झाडू त्यांच्याच हाती गेला.

या सेवेपेक्षा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती गुरुजींनी चालवलेली एक साधी गोष्ट. 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून काढीत आणि मुलांना वाचायला लावून ठेवीत. जगातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे, आवडलेले विचार आणि त्याबरोबर छात्रालयातल्या रोजच्या जगण्याविषयीचे मनोगत असे त्याचे स्वरूप होते. दिवसभर शिकवून झाल्यावर रात्री जागून रोज नवा अंक काढायचा, हे सोपे काम नव्हते. सूचनाफलकावर दोन ओळींचा हुकूम लिहिणे किती तरी सोपे होते. पण हुकूम फक्त काय करायचे ते सांगतो, का करायचे ते सांगत नाही. गुरुजींना मुलांशी बोलायचे होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलालाही कारण सांगितले पाहिजे, त्याच्या बुद्धीला आवाहन केले पाहिजे, असे मानणारा अधीक्षक त्या काळात विरळाच होता. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले आणि हा संवाद अमळनेरबाहेरच्या मुलांपर्यंतही नेला. 'धडपडणारी मुले' या त्यांच्या कादंबरीत याच छात्रालयातल्या अनुभवांचे प्रतिबिंब आहे.

तरीही गुरुजींनी मुलांना नियम करण्याचा अधिकार दिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याच दशकात इंग्लंडमध्ये ए. एस. नील यांच्या समरहिल शाळेत नियम सर्वांच्या सभेत ठरत. सहा वर्षांच्या मुलाला एक मत आणि मुख्याध्यापकांनाही एकच. अमळनेरला असे मतदान झाले नाही. गुरुजींचा मार्ग प्रेमाचा आणि स्वतःच्या उदाहरणाचा होता. पुस्तकातला नियम बदलण्यापेक्षा, त्याची गरजच उरू नये याकडे त्यांचा कल होता. या मार्गाचे सामर्थ्य मोठे, पण त्याची मर्यादाही तितकीच मोठी. तो एका माणसावर उभा होता. रोज रात्री जागणारा, मुलाची भांडी घासणारा अधीक्षक प्रत्येक वसतिगृहाला कोठून मिळणार? आणि तो मिळाला नाही तर मुलाने आपले म्हणणे कोणाला सांगायचे? या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रेमळपणात सापडत नाही.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. विद्यार्थ्यांनी राजकारणापासून दूर राहावे, असा ब्रिटिश सरकारचा आग्रह जुना होता. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने राजकीय सभांना जाण्यास विद्यार्थ्यांना मज्जाव केला होता. जी मुले छात्रालयात गांधीजींविषयी वाचत होती, त्यांच्या गुरुजींना केवळ वर्गात देशभक्ती शिकवून समाधान मानणे शक्य नव्हते. एप्रिल १९३० मध्ये त्यांनी शाळेचा राजीनामा दिला आणि सत्याग्रहात उडी घेतली. त्यानंतर धुळे, तिरुचिरापल्ली, नाशिक असे तुरुंग झाले. तिरुचिरापल्लीत ते तमिळ शिकले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून ती आज उपलब्ध आहेत. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या चार-पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाले. पुढच्या काळात फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, खानदेशातील शेतकरी आणि गिरणी कामगारांचे प्रश्न, 'काँग्रेस' साप्ताहिक यांत ते बुडून गेले. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले.

त्याच वर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या बाजारपेठेत शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली होती. पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती मारले गेले. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. नंदुरबार आज त्याच्या स्मारकापुढे दरवर्षी नतमस्तक होते. ज्या वयाच्या मुलांच्या विचाराला आणि धैर्याला आपण हुतात्म्याचा मान दिला, त्याच वयाच्या मुलांना वसतिगृहातील जेवणाविषयी मत देण्याइतकी समज नसते, असे मात्र आपण सहज म्हणून जातो.

स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना गुरुजींनी आयुष्यातला सर्वांत मोठा प्रश्न हाती घेतला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. हा नियमच होता, पिढ्यान्पिढ्या पाळलेला. आणि ज्यांना तो बाहेर ठेवत होता त्यांना तो करताना कोणी विचारले नव्हते. गुरुजींनी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. सुमारे दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हा ते सुटले. येथे त्यांनी दयेची याचना केली नाही. एखाद्या प्रेमळ बडव्याने एखाद्या दिवशी दार उघडावे, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नसते. दार हक्काने उघडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. अमळनेरच्या छात्रालयात जी गोष्ट अपुरी राहिली होती, ती पंढरपुरात पूर्ण झाली असे म्हणता येईल. एखाद्या माणसाच्या चांगुलपणावर सोडलेला न्याय पुरेसा नसतो, हे गुरुजींसारख्या सर्वांत चांगल्या माणसानेच दाखवून दिले.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतातील विविध भाषा आणि प्रांत यांना एकमेकांची ओळख व्हावी म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली. पण भोवतालचे दुःख त्यांच्या हळव्या मनाला पेलवेनासे झाले होते. वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांना आपल्या घरचे माणूस गेल्यासारखे वाटले.

गुरुजींच्या काळानंतर नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा झाला, १ जुलै १९९८ रोजी. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत आणि साक्षरतेत हा जिल्हा राज्यात सर्वांत मागे होता. सातपुड्याच्या पाड्यांवरील भिल्ल, पावरा, मावची, कोकणी मुले घर सोडून आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहतात. शहरातले मूल शाळेचा नियम दिवसातले पाच-सहा तास पाळते. या मुलांचे उठणे, जेवणे, झोपणे, आजारपण आणि घरी जाणे हे सारेच नियमांत बांधलेले असते. तेही अनेकदा अशा भाषेत सांगितलेल्या नियमांत, जी त्यांच्या घरची नाही. नियम करताना ज्यांचे म्हणणे सर्वांत आधी ऐकायला हवे, ती ही मुले.

ते ऐकले नाही तर काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील भोजनव्यवस्थेऐवजी जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला. रोज त्या ताटावर बसणाऱ्यांना तो मान्य नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. निर्णय बरोबर होता की चूक, यावर मतभेद असू शकतात. पण जे म्हणणे बैठकीत मांडता आले असते, ते मांडण्यासाठी मुलांना रस्त्यावर यावे लागले.

मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत ऐकून घेतले जावे, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी केली. म्हणजे छडीचा मार्ग कायद्यानेच बंद आहे. उरतात ते दोनच मार्ग. वरून आलेला हुकूम किंवा मुलांशी केलेला विचारविनिमय. अभ्यासक्रम, सुरक्षितता, आरोग्य यांबाबतचा अंतिम निर्णय मोठ्यांकडेच राहील आणि राहायलाही हवा. पण केस, खेळाची वेळ, भोजनाचा बेत, स्वच्छतेची पाळी, घरी जाण्याची सुटी यांवर महिन्यातून एकदा मुलांची सभा भरवणे, तिने काय सांगितले ते लिहून ठेवणे आणि जे मान्य झाले नाही त्याचे कारण मुलांना सांगणे, यात शाळेचे काय जाते?

साने गुरुजी रोज रात्री जागून मुलांना कारण सांगत राहिले. तेवढे करणारे गुरुजी सर्वांना लाभणार नाहीत. म्हणूनच ऐकून घेण्याची ती रीत एखाद्या भल्या शिक्षकाच्या मर्जीवर न ठेवता शाळेच्या नियमांतच लिहून ठेवावी लागेल. या जूनमध्ये छापल्या जाणाऱ्या यादीत तेवढे एक कलम वाढवता येण्यासारखे आहे.