विश्लेषण : जिभेवरच्या उंचवट्यांचा चवीशी संबंध शोधणारे माल्पिघी कोण होते?

आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहा. शेंड्याकडे बारीक लालसर ठिपके दिसतील. या उंचवट्यांचा चवीशी संबंध आहे, हे १६६५ मध्ये दाखवून दिले इटलीतील डॉक्टर मार्चेल्लो माल्पिघी यांनी. अकरावीच्या जीवशास्त्रात झुरळाच्या पोटात सापडणाऱ्या ‘माल्पिघी नलिका’ त्यांच्याच नावाच्या.

त्यांचा जन्म १६२८ चा, बोलोन्याजवळच्या क्रेवाल्कोरेतला. १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात त्यांना केशवाहिन्या दिसल्या आणि हार्वे यांच्या रक्ताभिसरणाच्या सिद्धांतातला राहिलेला दुवा मिळाला. पुढच्या वर्षी ते सिसिलीतील मेसिना येथे शिकवायला गेले. जिभेवरचे काम तिथलेच.

पद्धत अगदी स्वयंपाकघरातली. बैलाची जीभ उकळली की वरचा पापुद्रा सुटतो. त्याखाली चाळणीसारखा छिद्रांचा थर, त्याखाली उंचवटे आणि त्यांना येऊन मिळालेले मज्जातंतू. अन्नाचे विरघळलेले कण छिद्रांतून उंचवट्यांपर्यंत पोहोचतात आणि चव कळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी लोरेन्झो बेल्लिनी हेही याच मुद्द्यावर पोहोचले होते. मात्र उंचवट्यांत दडलेल्या रुचिकलिका सूक्ष्मदर्शकाखाली सापडायला १८६७ उजाडले.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६९ मध्ये त्यांना सदस्य करून घेतले. घरच्या गावात मात्र वैर होते. त्याला रक्ताचा डागही होता : १६५९ मध्ये माल्पिघींच्या भावाच्या हातून स्बाराल्या घराण्यातील एकाचा खून झाला होता. त्याच घराण्यातील डॉक्टर जोव्हान्नी जिरोलामो स्बाराल्या यांनी १६८९ मध्ये पुस्तिका काढून विचारले, की हे बारीकसारीक पाहून रोगी कसा बरा होणार? त्याआधी १६८४ मध्ये माल्पिघींचे घर जळाले, सूक्ष्मदर्शक आणि हस्तलिखिते गेली.

वैर बाजूला ठेवले तर स्बाराल्यांचा प्रश्न त्या काळापुरता बिनतोड होता. आज लोह किंवा ब-१२ कमी पडले की हे उंचवटे झिजतात, जीभ गुळगुळीत दिसते आणि डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. हे उत्तर माल्पिघींच्या हाती नव्हते. तरीही त्यांनी प्रत्युत्तर लिहिलेच.

१६९१ मध्ये पोप इनोसंट बारावे यांचे वैद्य म्हणून ते रोमला गेले. तिथेच १६९४ मध्ये पक्षाघाताने त्यांचा मृत्यू झाला. आयुष्यभर विच्छेदन करणाऱ्या या डॉक्टरांच्या देहाचे विच्छेदन तरुण सहकारी जॉर्जो बाल्यिव्ही यांनी केले.