बुद्धिवादी आगरकर

मनुष्याच्या वाट्याला दुःख का येते? ते पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ असते, ईश्वराची इच्छा असते, की त्यामागे शोधून काढता येतील अशी ऐहिक कारणे असतात? आणि सारे काही आधीच ठरलेले असेल, तर माणसाच्या प्रयत्नाला काय अर्थ उरतो? या प्रश्नांची चर्चा आपल्या देशात शतकानुशतके चालत आली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यातील एका प्राध्यापकाने ही चर्चा साप्ताहिकाच्या पानांवर, सामान्य वाचकांसमोर आणली आणि तिची किंमतही मोजली. त्यांचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. कऱ्हाडला इंग्रजी शिक्षणाचा आरंभ झाला. परंतु पुढे शिकण्याची सोय तेथे नव्हती. शिक्षणाच्या ओढीने ते रत्नागिरीला गेले. तेथे निभाव लागेना म्हणून त्यांना परत यावे लागले. कऱ्हाडला मिळेल ते काम करून त्यांनी काही काळ काढला. पुढे नातलगांच्या आश्रयाने ते वऱ्हाडातील अकोल्यास गेले आणि तेथून १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. एखाद्याने हे दारिद्र्य नशिबाचा भोग समजून स्वीकारले असते. आगरकरांनी ते स्वीकारले नाही.

त्याच वर्षी त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला. शिष्यवृत्ती आणि निबंधांची बक्षिसे यांवर त्यांचा खर्च चाले. अंगात घालावयास एकच सदरा असल्यामुळे तो रात्री धुवून वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा चढवायचा, असा त्यांचा क्रम असे, असे सांगतात. याच काळात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वचिंतकांचे ग्रंथ मन लावून वाचले. जगातील प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते बुद्धीने शोधता येते, हा विचार स्पेन्सरच्या ग्रंथांतून त्यांच्या मनात रुजला. मानवाचे सुख वाढवणे आणि दुःख कमी करणे हीच नीतीची कसोटी, हा विचार मिलकडून आला. तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम. ए. झाले.

अशा पदवीधराला त्या काळी सरकारी नोकरीत मोठे वेतन सहज मिळत असे. मातेलाही मुलाकडून तीच आशा होती. परंतु आगरकरांनी तिला पत्र लिहून आपला निश्चय कळवला. पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून उरलेला सारा वेळ आपण लोकांच्या हितासाठी घालवणार आहोत, तेव्हा मोठ्या पगाराची आणि वैभवाची स्वप्ने तिने पाहू नयेत, असा त्या पत्राचा आशय होता. दारिद्र्यातून वर आलेल्या मुलाने पुन्हा स्वेच्छेने साधेपणा पत्करावा, हे त्या मातेला किती जड गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

डेक्कन कॉलेजातच बाळ गंगाधर टिळकांशी त्यांचा स्नेह जडला. देशासाठी काय करावे, याविषयी दोघे तासन् तास बोलत. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली. पुढच्या वर्षी आगरकर तेथे शिक्षक म्हणून रुजू झाले. १८८१ च्या जानेवारीत निघालेल्या ‘केसरी’ या पत्राचे पहिले संपादकपद त्यांच्याकडे आले. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर टीका करणाऱ्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये आगरकर व टिळक यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली. त्यांनी शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’ या नाटकाचा ‘विकारविलसित’ या नावाने केलेला अनुवाद १८८३ साली प्रसिद्ध झाला. दुःख सोसत राहावे की त्याविरुद्ध उभे राहावे, या पेचात सापडलेल्या राजपुत्राची ती कथा आगरकरांना जवळची वाटावी, यात नवल नाही. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. या दोन्ही कार्यांत त्यांचा वाटा मोठा होता.

परंतु दोन मित्रांमध्ये हळूहळू मतभेद वाढू लागले. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, हा वादाचा मुख्य विषय होता. त्याच्या मुळाशी आणखी एक प्रश्न होता. रूढींना धर्माचा आधार आहे असे म्हटले, की त्यांची चिकित्सा थांबवावी काय? आगरकरांचे उत्तर नकारार्थी होते. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्याचा इंग्रजी भाग काही काळ गोपाळ कृष्ण गोखले पाहत असत.

‘सुधारक’मधून आगरकरांनी प्रथम हात घातला तो समाजाच्या सर्वांत दुःखी घटकाला, म्हणजे बालविधवांना. त्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने होत. पती वारला, की त्या मुलीचे केशवपन केले जाई आणि जन्मभर तिला घराच्या एका कोपऱ्यात, सर्व सुखांपासून दूर राहावे लागे. हे तिच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, अशी समजूत होती. या समजुतीमुळे दोन गोष्टी घडत. त्या मुलीला आपले दुःख न्याय्य वाटू लागे आणि ते दुःख देणाऱ्यांचे मन निर्धास्त होई.

आगरकरांनी या समजुतीवरच घाव घातला. तिच्या दुःखाचे कारण दृष्टीआड असलेल्या जन्मात शोधण्याची गरज नाही, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. बालविवाह, वर आणि वधू यांच्या वयातील विजोड अंतर, पुनर्विवाहाला असलेली बंदी आणि स्त्रीला शिक्षण न देण्याची रूढी, ही ती कारणे होत. ती माणसांनी निर्माण केलेली आहेत, म्हणून माणसांना ती दूरही करता येतील. स्त्रियांना स्वतःचा चरितार्थ चालवता येईल असे शिक्षण मिळाले पाहिजे, असा आग्रह त्यांनी यासाठीच धरला.

येथे एक शंका उपस्थित होते. प्रत्येक गोष्ट कारणांनी बांधलेली असेल, तर माणूस तरी स्वतंत्र कसा? हेही एका प्रकारचे प्रारब्धच नव्हे काय? आगरकरांच्या विचाराचा रोख पाहता या शंकेचे उत्तर असे देता येते : प्रारब्ध हे अदृश्य असते, त्यामुळे त्याच्यापुढे केवळ मान तुकवावी लागते. कारण मात्र शोधता येते, आणि शोधलेले कारण बदलता येते. रोगाचे कारण कळले, की औषध शोधण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणून कार्यकारणभाव मानणारा माणूस हतबल होत नाही, तर त्याची जबाबदारी वाढते.

ईश्वराच्या अस्तित्वाविषयीही त्यांनी निर्भीडपणे लिहिले. ‘देवतोत्पत्ती’ या विषयावरील लेखनात त्यांनी देवांच्या कल्पना मानवी इतिहासात कशा उदयास आल्या असाव्यात, याचा विचार केला. स्वप्न, सावली आणि मृत्यू यांचा अर्थ लावू पाहणाऱ्या आदिमानवाला देहापासून वेगळ्या आत्म्याची कल्पना सुचली. मृत पूर्वजांची भीती आणि निसर्गशक्तींचा दरारा यांतून पूजा आणि दैवते निर्माण झाली, अशी त्यांची मांडणी होती. विश्वाचे आदिकारण मानवी बुद्धीच्या कक्षेपलीकडचे आहे, त्याविषयी खात्रीने काही सांगता येत नाही, असे मानणाऱ्या या भूमिकेला अज्ञेयवाद असे म्हणतात.

विरोधकांचे आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. ईश्वराचे भय नसेल तर माणूस सदाचाराने का वागेल, असा पहिला प्रश्न होता. दुसरा त्याहून अवघड होता. ज्याचे मूल गेले, ज्याला असाध्य रोग जडला, त्याला ईश्वरावरील श्रद्धेवाचून आधार कोणता? पहिल्या प्रश्नाला आगरकरांचे उत्तर स्पष्ट होते. स्वर्गाच्या लोभाने किंवा नरकाच्या भयाने केलेले सत्कृत्य हा एक व्यवहार होय. दुसऱ्याचे दुःख पाहून केलेले सत्कृत्य ही नीती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या लेखांपेक्षा त्यांच्या आयुष्यातच अधिक सापडते.

त्यांना दम्याचा विकार होता आणि तो वर्षागणिक बळावत गेला. रात्री झोप नाही, दिवसा अध्यापन आणि लेखन, असा त्यांचा दिनक्रम झाला. विरोधही वाढत होता. सनातनी मंडळींनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढली. १८९१ साली विवाहित मुलींच्या संरक्षणासाठी संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. या कायद्याचा आगरकरांनी जोरदार पुरस्कार केला. परक्या सरकारने आमच्या सामाजिक बाबींत हात घालू नये, सुधारणा शिक्षणाने आणि लोकांच्या संमतीने व्हावी, असे टिळकांचे म्हणणे होते. जुन्या मित्रांत कटुता आली. अशा एकाकीपणातही आगरकरांनी नियतीला दोष दिला नाही आणि लेखणी खाली ठेवली नाही. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.

स्वतः देवपूजा न करणाऱ्या या गृहस्थाने आपली मते घरात कोणावर लादली नाहीत. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या पूजेअर्चेला आगरकरांनी कधी मज्जाव केला नाही. विचाराचे स्वातंत्र्य आपल्याला हवे असेल तर ते दुसऱ्यालाही दिले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी घरातही पाळले.

१७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे एका पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. टिळकांनी सारे वाद बाजूला ठेवून ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला.

या वादाचा एक धागा पुढे दिसतो. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या विषयाला त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. टिळक श्रद्धेच्या वाटेने गेले आणि कर्माच्या बंधनातही माणूस प्रयत्नाला मोकळा आहे, या निष्कर्षाला पोहोचले. आगरकर बुद्धीच्या वाटेने गेले होते. ईश्वराविषयी दोघांचे एकमत कधीच झाले नसते. पण दुःखापुढे हात जोडून स्वस्थ बसणे दोघांनाही मान्य नव्हते.

ईश्वर आहे की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या बुद्धीने आणि अनुभवाने करावयाचा आहे. परंतु एखाद्या पीडित व्यक्तीकडे पाहून हे तिचे नशीब आहे असे आपण म्हणू लागलो, की त्या वेळी आगरकरांचा प्रश्न आठवावा. या दुःखाचे कारण नक्की कोठे आहे, आणि ते दूर करणे आपल्या हाती आहे काय?