शब्दांना टॅग लावणारे मोल्सवर्थ

मी वरोऱ्याची, शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठी जेमतेम. तरी थर्ड इयरला मराठी शब्दांचा प्रोजेक्ट घेतला आणि ओळख झाली जेम्स मोल्सवर्थ यांची!

जन्म १७९५, इंग्लंडमधला. कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भारतात आले आणि मराठी शब्द जमवू लागले. कँडी बंधू व शास्त्रीमंडळींच्या मदतीने १८३१ साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत निघाला. प्रकृतीमुळे १८३६ मध्ये मायदेशी गेले, पण कोशासाठी पुन्हा आले! १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत. १८७१ मध्ये ते वारले.

प्रत्येक शब्दाचं लिंग, मूळ, अर्थ त्यांनी वेगवेगळं नोंदवलं. संस्कृतला ‘एस’, फारसीला ‘पी’. म्हणजे टॅगच की! यातल्या काही नोंदी मी एक्सएमएलमध्ये उतरवल्या. जावास्क्रिप्टची एक्सएमएल-टू-जेएस लायब्ररी त्यांचे ऑब्जेक्ट करून देते. मग एका लूपमध्ये सगळे फारसी शब्द बाहेर. पण शब्दाचं मूळ लायब्ररी शोधत नाही, ते आधी कुणीतरी लिहिलेलं लागतं.

मित्रांनो, आपल्याकडचे कितीतरी शब्द अजून कुठल्याच फाइलमध्ये नाहीत. आजी-आजोबा आहेत तोवर लिहून घेऊया!