महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

परळच्या गिरणगावात १८ ऑक्टोबर १९०६ रोजी अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलांसाठी एक शाळा उघडली. भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळीचा तो आरंभ होता आणि तिचे प्रवर्तक होते विठ्ठल रामजी शिंदे.

२३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीस एका मराठा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक धर्माच्या अध्ययनास गेले. परतल्यावर मानाचे पद सहज लाभले असते; परंतु त्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकत्व पत्करले आणि कामगारवस्तीची वाट धरली.

दुरून उपदेश करून वस्ती सुधारत नाही, हे त्यांनी ओळखले होते. भगिनी जनाबाईंनीही याच सेवेस स्वतःला वाहून घेतले. शाळेच्या जोडीला वसतिगृह, उद्योगशिक्षण व रुग्णसेवा आली. मंगळूर, मद्रास, हुबळी येथेही कार्य पसरले. पुढे पुण्यास अहिल्याश्रम उभा राहिला.

या सेवेचे मोल त्यांनी एकाकीपणाने चुकविले. सनातन्यांचा रोष होताच. राजकीय हक्कांच्या प्रश्नावर अस्पृश्य समाजातील नेत्यांशीही मतभेद झाले. तरी मनात कटुता न धरता १९२३ मध्ये त्यांनी संस्थेची सूत्रे त्याच समाजातील कार्यकर्त्यांच्या हाती सोपविली. २ जानेवारी १९४४ रोजी ते निवर्तले.

आपण उभारलेली संस्था ज्यांच्यासाठी उभारली, त्यांच्याच स्वाधीन करणे, हे त्यांच्या थोरवीचे खरे गमक होय. परप्रांतात संस्था चालविणाऱ्या आपणां सर्वांस तो आदर्श चिंतनीय आहे.