राणीसाहेबांच्या पाठीवरील मूल : झाशीचे दामोदरराव

खंडेराव गेटमधून आमचे रोज जाणे-येणे असते. जुन्या झाशी शहराच्या तटाची जी द्वारे प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी हे एक. १७४२ च्या सुमारास नारोशंकर येथे सुभेदार म्हणून आले आणि त्यांच्यामागून देशावरची, कोकणातली कुटुंबे या बुंदेलभूमीत स्थिरावली. आपण त्यांचेच दूरचे उत्तराधिकारी. या शहरात राणी लक्ष्मीबाईंच्या पुतळ्यापुढे प्रत्येक जण नतमस्तक होतो. परंतु त्यांच्या पाठीशी बांधलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारणारा क्वचितच भेटतो. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात त्याच मुलाचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्याचे मूळ नाव आनंदराव. नेवाळकर घराण्यातील वासुदेवरावांचा तो पुत्र. गंगाधररावमहाराजांचे १८५१ साली जन्मलेले मूल तान्हेपणीच दगावले होते. दोन वर्षांनी महाराज स्वतः अंथरुणास खिळले, तेव्हा नोव्हेंबर १८५३ मध्ये त्यांनी या जेमतेम पाच वर्षांच्या बालकास यथाविधी दत्तक घेतले आणि दिवंगत पुत्राचेच नाव त्यास दिले. या विधीस मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन हे इंग्रज अधिकारी उपस्थित होते. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, महाराजांनी देह ठेवला. चोवीस तासांच्या आत मुलास नवा पिता मिळाला आणि तो गेलाही.

लॉर्ड डलहौसीने हे दत्तकविधान राज्याच्या वारसासाठी अमान्य केले व १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. राणीसाहेबांनी अर्जामागून अर्ज केले, जॉन लँग या बॅरिस्टरास बोलावून त्याचा सल्ला घेतला. निर्णय बदलला नाही. यातील विसंगती मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. राज्यापुरता जो मुलगा सरकारच्या लेखी पुत्र नव्हता, तोच महाराजांच्या खाजगी मिळकतीपुरता पुत्र ठरला. काही लाखांची ती रक्कम सरकारने तो सज्ञान होईपर्यंत स्वतःकडे ठेव म्हणून ठेवली. पुढे त्याच्या मुंजीसाठी राणीसाहेबांनी त्यातून एक लाख रुपये मागितले, तेव्हा सरकारने जामीन मागितले. मुलाच्या मुंजीसाठी, मुलाच्याच पैशांवर, आईने जामीनदार उभे करावयाचे! आम्ही आयुष्यभर सरकारी कागद हाताळले आहेत. नियमाच्या चौकटीत सर्व काही शुद्ध असूनही मनुष्य चौकटीबाहेर कसा राहतो, हे आम्हांस परके नाही.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. एप्रिल १८५८ मध्ये राणीसाहेब मुलासह झाशीबाहेर पडल्या आणि जूनमध्ये ग्वाल्हेरीस त्यांनी वीरमरण पत्करले. सुमारे दहा वर्षांचा दामोदर दुसऱ्यांदा पोरका झाला. आता तो केवळ अनाथ नव्हता, तर सरकारच्या दृष्टीने बंडखोरांच्या गोटातील होता. त्याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आठवणींवरून पुढील दोन वर्षांचे चित्र मनापुढे उभे राहते. रामचंद्रराव देशमुख, रघुनाथसिंह आदी निष्ठावंतांनी त्यास घेऊन रानावनांतून भटकंती केली. इंग्रजांच्या धाकाने गावे त्यांना थारा देईनात. पावसाळे उघड्यावर निघाले, मुलाची प्रकृती ढासळली, आणि अखेर पोटासाठी राणीसाहेबांचे सोन्याचे तोडे, आईची शेवटची खूण, विकावे लागले. त्या माणसांपुढे कोणतेही इनाम नव्हते; पकडले गेल्यास फाशी मात्र होती. तरीही त्यांनी मूल सोडले नाही.

झालरापाटणमार्गे, मध्यस्थांच्या खटपटीने, मे १८६० मध्ये तो इंदूरच्या रेसिडेन्सीत पोहोचला. सरकारने वर्षासन ठरवून दिले, मोजकी माणसे जवळ ठेवण्याची मुभा दिली आणि मुन्शी धर्मनारायण या काश्मिरी गृहस्थांकडे त्याचे संगोपन व शिक्षण सोपविले. उर्दू, इंग्रजी व मराठी तो तेथे शिकला. ठेवीची रक्कम मात्र त्यास कधीही मिळाली नाही. दामोदररावांनी इंदूरातच संसार केला. पुत्र लक्ष्मणराव अगदी लहान असतानाच, २८ मे १९०६ रोजी, त्यांचे निधन झाले. ज्या झाशीसाठी त्यांचे बालपण होरपळले, ती त्यांच्या वाट्यास पुन्हा आली नाही.

या चरित्राचा आजच्या आपल्या संसाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते तो फार निकटचा आहे. त्या काळी कायद्याने मिळकतीची चिंता वाहिली, मुलाची नाही. ही दृष्टी पालटण्यास फार काळ लागला. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने पालक नेमताना मुलाचे हित पाहण्याचे तत्त्व घालून दिले. १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमाने निराधार आणि वाट चुकलेल्या मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था केली. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार जिल्ह्याजिल्ह्यांत बाल कल्याण समिती व बाल न्याय मंडळ असते. मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजसेवक बसतात, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मागविला जातो आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला जातो.

परंतु समिती निर्णय देते; रोज संध्याकाळी मुलाच्या घरी जाऊन बसत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका मराठी कुटुंबातील मुलगा वाईट संगतीने चोरीच्या प्रकरणात सापडला. वडील बदलीच्या गावी, आई एकटी, येथे नात्याचे कोणी नाही. लाजेने तिने दार लावून घेतले होते. आपल्यातील दोन वडीलधारे गृहस्थ तिच्यासोबत बाल न्याय मंडळापुढे गेले आणि पुढे वर्षभर त्या मुलाचा अभ्यास घेत राहिले. तो आज स्वतःच्या पायांवर उभा आहे. त्या दोघांनी केले ते देशमुख-रघुनाथसिंहांच्या तोलाचे धाडस नव्हते. पण जातकुळी तीच होती.

दूरदेशी आलेल्या कुटुंबास काका-मामांचे कवच नसते. बदली, आजारपण, अकाली मृत्यू यांपैकी एकाही घावाने मूल उघड्यावर पडू शकते. गणेशोत्सव आणि कोजागिरी आपण पन्नास वर्षे निष्ठेने केली, हे भूषणावहच आहे. पुढील पन्नास वर्षांत आपल्या वस्तीतील एकाही मुलाच्या आईला दार लावून बसण्याची वेळ येऊ नये, एवढा संकल्प आपण या निमित्ताने करावा, अशी आमची सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.